नाट्यपद आणि ख्यालगायक

१

२०११ ते २०२० या दशकात सर्वोत्कृष्ट पुरुष पार्श्वगायकाचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार तीन वेळा मराठी ख्यालगायकांकडे गेला. २०११ च्या 'बालगंधर्व' या चित्रपटासाठी तो आनंद भाटे यांना मिळाला, २०१५ च्या 'कट्यार काळजात घुसली' या चित्रपटासाठी महेश काळे यांना, आणि २०२० सालच्या पुरस्कारांत 'मी वसंतराव' या चित्रपटासाठी राहुल देशपांडे यांना. तिन्ही चित्रपटांचा विषय एकच आहे : मराठी संगीत रंगभूमी आणि तिचे गायक. तिन्ही गायकांचे त्या रंगभूमीशी नातेही जवळचे आहे. भाटे हे भीमसेन जोशी यांचे शिष्य, परंतु बालपणापासून बालगंधर्वांची पदे गाऊन नावारूपाला आलेले. काळे हे 'कट्यार'चे मूळ संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांचे शिष्य. देशपांडे हे त्याच नाटकातील मूळ खाँसाहेबांचे, म्हणजे वसंतराव देशपांडे यांचे, नातू.

ही घटना आनंदाची खरी. परंतु टीकाकाराच्या दृष्टीने ती एक प्रश्नही उपस्थित करते. पुरस्कार मिळाला तो पार्श्वगायनाला. ज्या गानप्रकाराचा जन्मच मुळी नट समोर उभा राहून, चेहऱ्याला रंग लावून, कोणाला तरी उद्देशून गातो या गृहीतावर झाला, त्याचा गौरव आता पडद्यामागच्या कंठासाठी होत आहे. ख्यालगायकाने ध्वनिमुद्रणगृहात, विस्तृत वाद्यवृंदाच्या साथीने नाट्यपद गायिले म्हणजे नेमके काय घडते? पदाचा संगीतांश वाढीस लागतो की त्याचे नाट्य नाहीसे होते? आणि ते नाट्य नाहीसे झाले तर उरते त्याला नाट्यपद म्हणावे काय? या प्रश्नाचा विचार आपल्याकडे बहुधा संगीतरसिकांनी, रागदारीच्या अंगाने केला आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तो साहित्याच्या अंगाने करण्याचा आहे. कारण नाट्यपद ही आधी एका पात्राची उक्ती आहे.

२

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये आणि 'सौभद्र' १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. या नाटकांतील पदांची संख्या शंभराच्याही पुढे जाते; परंतु ती पदे लहान आहेत, आणि त्यांच्या चाली साकी, दिंडी, लावणी, कीर्तन, कर्नाटकी पदे अशा अनेक उगमांपासून आलेल्या आहेत. संवाद चालू असताना पात्र गद्यातून पद्यात जाते आणि पुन्हा गद्यात येते. दोहोंमधील उंबरठा इतका सखल आहे की प्रेक्षकाला तो ओलांडल्याचे जाणवू नये. किर्लोस्करांना गवई हवा होता तो बोलणारा गवई.

पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत हे चित्र पालटले. खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ मध्ये आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. १९१६ च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर ख्यालगायकाने चाली दिल्या. ख्यालाच्या चिजांचे मुखडे आणि रागांचे संपूर्ण विस्तारक्षेत्र नाटकाच्या स्वाधीन झाले. पदांची संख्या घटली, त्यांचा कालावधी वाढला. बालगंधर्वांना प्रेक्षकांकडून मिळणाऱ्या 'वन्समोअर'मुळे एक पद तीन तीन वेळा गायिले जाई, आणि कथानक तोवर तिष्ठत राही. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे वादक होते, यावरून नाटकगृहाची बैठक मैफलीच्या किती जवळ गेली होती याची कल्पना येते.

म्हणजे ख्यालगायक आणि नाट्यपद यांचा संबंध हा काही आजच्या ध्वनिमुद्रणाने निर्माण केलेला नाही. नाट्यपदाच्या वैभवाचा काळ म्हणून ज्याकडे आपण बोट दाखवितो तो काळच मुळी ख्यालाने नाटकावर केलेल्या स्वारीचा आहे. या स्वारीमुळे नाटक मागे पडले असा आक्षेप तेव्हाही घेतला जात होता, आणि तो निराधार नव्हता. तरीही 'स्वयंवर'मधील पद हे पात्राचेच पद राहिले. असे का झाले, हे पाहिले पाहिजे.

'नाथ हा माझा' हे पद घेऊ. राग यमन. यमन हा संध्याकाळचा, प्रसन्न आणि सर्वपरिचित राग. त्याचा ख्याल कोणत्याही मैफलीत ऐकू येतो. परंतु हे शब्द रुक्मिणी उच्चारते तेव्हा कृष्ण तिचा नाथ झालेला नाही. तिच्या भावाच्या मनात दुसरा वर आहे. तेव्हा 'नाथ' हा शब्द वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही. तो एक धाडसी प्रतिज्ञा करतो, आणि 'माझा' हा शब्द त्या प्रतिज्ञेवर हक्काची मोहोर उठवितो. यमनाच्या प्रसन्नतेखाली असलेला हा ताण ज्याला दिसला त्याला त्या पदातील प्रत्येक आवर्तनाचा अर्थ वेगळा लागतो. मुखडा पुनःपुन्हा समेवर येतो तो केवळ तालाच्या नियमाने येत नाही. स्वतःचे म्हणणे स्वतःलाच पटवून देणारी मुलगी ते पुनःपुन्हा उच्चारते म्हणूनही येतो. ख्यालातील पुनरावृत्ती येथे मनोव्यापाराची पुनरावृत्ती झाली आहे. संगीताच्या घाटाला नाट्याचा आशय मिळाला आहे.

दुसरे उदाहरण याहून अधिक सूक्ष्म आहे. १९१९ साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आले तेव्हा गडकरी हयात नव्हते. त्यांच्या नाटकाची पदे वि. सी. गुर्जर यांनी रचिली, आणि अनेक चाली सुंदराबाई जाधव यांच्याकडून आल्या. ठुमरी-दादरा-गझल या वळणाच्या, बैठकीच्या गायिकांच्या कंठात वाढलेल्या या चाली सिंधूसारख्या पतिव्रतेच्या मुखी घालण्यात आल्या. कागदावर ही विसंगती वाटते. 'कशी या त्यजू पदाला' हे पद सिंधू म्हणते ते माहेरी निघून येण्याचा आग्रह तिला होत असताना. ठुमरीत जी आर्जवाची, विनवणीची, स्वरावर रेंगाळण्याची रीत असते, तीच येथे नकार देण्यासाठी वापरली जाते. नकार कठोर शब्दांत दिला असता तर सिंधू बंडखोर झाली असती. तो आर्जवाच्या स्वरात दिल्यामुळे ती सिंधू राहते. ज्यांनी ही चाल या प्रसंगासाठी निवडली त्यांची नाट्यदृष्टी मोठी होती. हा संबंध केवळ रंगभूमीवर, प्रसंगाच्या संदर्भात कळतो. प्रसंग काढून टाका, आणि एक सुरेख ठुमरीवजा गीत हाती उरते.

३

प्रसंग काढून टाकण्याचे हे काम पहिल्याने तबकडीने केले. भारतात ध्वनिमुद्रणाला १९०२ साली प्रारंभ झाला. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मावत. नाटकगृहात वीस मिनिटे चालणारे पद या मापात बसवावयाचे म्हणजे विस्तार गाळावा लागे, संवाद तर मुळातच नसे, आणि समोर प्रेक्षकही नसे. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकताना एक गोष्ट मात्र लक्षात येते. या कोंडीतही शब्द आधी उमटतो, आणि तान त्या शब्दाच्या शेपटाशी, त्याचा अर्थ न मोडता, जोडली जाते. रंगभूमीवर वर्षानुवर्षे ते पात्र वठविलेल्या नटाचा तो आवाज आहे. त्याला रुक्मिणी आठवावी लागत नाही. श्रोत्याने नाटक पाहिलेले असेल तर तबकडी त्याच्या स्मृतीची किल्ली ठरते. आणि त्या काळचा मराठी श्रोता बहुधा नाटक पाहिलेला असे.

परंतु तबकडी प्रवास करते, नाटक मंडळी तितका करू शकत नाही. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसाला नाट्यपद भेटते ते नाटकाच्या अगोदर, आणि पुष्कळदा नाटकाशिवायच. दिल्लीचेच उदाहरण घ्या. सरकारी कचेऱ्यांच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्यांनी 'स्वयंवर' ऐकले आहे, पाहिलेले मात्र क्वचितच आहे. त्यांच्या लेखी 'नाथ हा माझा' हे रुक्मिणीचे पद नसून बालगंधर्वांचे गाणे आहे. रेडिओच्या बाबतीत तर आणखी एक गंमत झाली. सरकारी नभोवाणीने १९४० पासून पुढे अनेक वर्षे हार्मोनियमला आपल्या संगीत कार्यक्रमांतून मज्जाव केला होता. ज्या पेटीच्या आधारावर मराठी रंगभूमीचा स्वर दोन पिढ्या उभा राहिला, तिलाच राजधानीच्या धोरणाने अपात्र ठरविले.

या शहराच्या उत्तरेकडील टेकडीवर हिंदूराव नावाचा भाग आहे. रोज हजारो लोक ते नाव उच्चारतात, बसगाड्यांवर वाचतात, तेथील रुग्णालयात जातात. हे नाव ज्यांचे, ते हिंदूराव घाटगे म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू, कागलच्या घाटगे घराण्यातले. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझरचा खून झाल्यावर त्याचा टेकडीवरील वाडा त्यांनी घेतला. १८५७ च्या वेढ्यात तोच वाडा इंग्रजी फौजेचे महत्त्वाचे ठाणे बनला. आज नाव टिकून आहे, माणूस मात्र नावातून निघून गेला आहे. संदर्भापासून सुटलेल्या शब्दाची ही गत होते : तो अधिक दूर पोचतो, अधिक लोकांच्या तोंडी बसतो, आणि कोणाविषयी बोलतो आहे हे विसरतो. दिल्लीतील मराठी श्रोत्याच्या कानी पडणारे नाट्यपद अशाच स्थितीत आहे. आणि हे आता केवळ दिल्लीचे राहिलेले नाही. पुण्या-मुंबईच्या तरुण श्रोत्यालाही 'स्वयंवर' किंवा 'एकच प्याला' यांचा अखंड प्रयोग पाहण्याची संधी क्वचितच मिळते. सर्व मराठी श्रोते या अर्थी प्रवासी झाले आहेत. म्हणूनच ध्वनिमुद्रणाचा प्रश्न गौण नाही. नाट्यपदाचे यापुढचे आयुष्य मुख्यतः तेथेच जाणार आहे.

४

संदर्भ तुटला आहे हे मान्य करून नाट्यपदाकडे नव्याने पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न कुमार गंधर्वांनी केला. 'मला उमजलेले बालगंधर्व' या त्यांच्या कार्यक्रमाचे व ध्वनिमुद्रिकेचे नावच टीकेच्या परिभाषेत बोलते. 'उमजलेले' म्हणजे अर्थ लावलेले. आणि 'मला' म्हणजे या अर्थाची जबाबदारी माझी. कुमारांनी रुक्मिणी किंवा सिंधू होण्याचा आव आणला नाही. त्यांनी पदाचा विषय बदलला. त्यांच्या गाण्यात पात्र रुक्मिणी नसून बालगंधर्व हेच आहे. किंबहुना बालगंधर्वांचे गाणे ऐकणारा एक सजग गायक हे ते पात्र आहे.

दोघांच्या कंठधर्मात असलेले अंतर येथे फार बोलके ठरते. बालगंधर्वांचा स्वर अखंड, सलग, तेलाच्या धारेसारखा. क्षयाच्या दीर्घ आजारातून उठलेल्या कुमारांचा श्वास मुळातच तुटक. त्यांनी त्या तुटकपणाचीच शैली केली. एकाची सलग वाक्ये दुसऱ्याने लहान लहान पदबंधांत म्हटली, तेव्हा त्या वाक्यांतील सांधे दिसू लागले. शब्द कोठे संपतो, स्वर कोठे सुरू होतो, तान कोणत्या अक्षराच्या आधाराने उचलली जाते, हे बालगंधर्वांच्या गाण्यात लपलेले होते. कुमारांच्या गाण्यात ते उघडे पडले. चांगला टीकाकार कवितेचे जे करतो तेच हे आहे. त्याच्या वाचनाने कवितेची जागा घेतली जात नाही. परंतु ते वाचन झाल्यावर कविता पूर्वीसारखी वाचता येत नाही.

या प्रयोगाला ध्वनिमुद्रिका हे माध्यम मानवले, कारण त्याला नाटकाची गरजच नव्हती. मात्र या मार्गाची मर्यादाही ओळखली पाहिजे. तो भाष्याचा मार्ग आहे, आणि भाष्य मूळ ग्रंथ ठाऊक असलेल्यांसाठीच असते. बालगंधर्वांना ज्याने ऐकलेलेच नाही त्याला 'उमजलेले बालगंधर्व' यातील पहिला शब्द कळेल कसा? शिवाय कुमारांच्या अनुकरणाने पुढे काही गायकांनी नाट्यपदांना जो मैफली घाट दिला त्यात भाष्यही राहिले नाही आणि नाट्यही राहिले नाही. राहिली ती मराठी शब्दांतील एक छोटी चीज.

५

दुसरा मार्ग वसंतराव देशपांडे यांचा. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक डिसेंबर १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच वर्षी जुलैत बालगंधर्व निवर्तले होते. या नाटकाने ख्यालगायक आणि नाट्यपद यांमधील जुना झगडा एका युक्तीने मिटविला : पात्रच ख्यालगायक केले. खाँसाहेब आफताब हुसेन तान घेतात तेव्हा कथानक थांबत नाही, कारण तान घेणे हीच त्यांची कृती आहे. दरबारातील गायनाची स्पर्धा, घराण्याचा अहंकार, विद्या चोरून ऐकणारा शिष्य : या नाटकात गाणे हा घटनेचा भाग आहे, घटनेवरील अलंकार नव्हे.

'घेई छंद मकरंद' हे एकच पद या नाटकात दोन चालींत येते. एक पंडितजींच्या वळणाची, संथ, सालगवराळीत. दुसरी खाँसाहेबांच्या वळणाची, चपळ, धानी रागात. शब्द तेच आहेत. एकाच्या मुखी ते चिंतन होतात, दुसऱ्याच्या मुखी आव्हान. स्वभावभेद दाखविण्यासाठी नाटककाराला संवादाचे पान लिहावे लागले नाही. अभिषेकींच्या दोन चालींनी ते काम केले. मराठी नाट्यसंगीतात चालीने पात्र घडविल्याचे इतके निखळ उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. ज्याने यांपैकी एकच चाल तबकडीवर ऐकली त्याला एक उत्तम गीत मिळाले. ज्याने दोन्ही, एकापाठोपाठ, नाटकाच्या ओघात ऐकल्या त्याला नाटक मिळाले.

वसंतरावांच्या ठायी कंठ आणि देह एक होते. चेहऱ्यावरील आवेश, हाताची फेक, तानेचा उसळता वेग हे एकाच माणसातून येत असे. २०१० मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हाही राहुल देशपांडे खाँसाहेब म्हणून आणि महेश काळे सदाशिव म्हणून स्वतः उभे राहून गात. २०१५ च्या चित्रपटात मात्र खाँसाहेबांचा देह सचिन पिळगांवकर यांचा झाला आणि कंठ राहुल देशपांडे यांचा; सदाशिवाचा देह सुबोध भावे यांचा आणि कंठ महेश काळे यांचा. २०११ च्या 'बालगंधर्व'मध्येही भावे दिसतात आणि भाटे ऐकू येतात. चित्रपटाची ही रूढ रीत आहे, आणि तिच्यात दोष काढावयाचा नाही. परंतु ख्यालगायनाच्या संदर्भात तिचा एक परिणाम होतो. तान ही शारीरिक घटना आहे. तिचा श्वास, तिचा ताण, समेवर येतानाची सुटका ही गाणाऱ्याच्या देहावर दिसते, आणि श्रोता ती डोळ्यांनीही ऐकतो. देह दुसऱ्याचा असला की तान केवळ नाद उरते आणि नट तिच्या मागोमाग ओठ हालवीत जातो.

'अरुणि किरणि' हे ज्यासाठी पुरस्कार मिळाला ते पद तर मूळ नाटकातले नव्हेच. ते चित्रपटासाठी नव्याने तयार झाले. नाट्यपदाचा घाट आता नाटकावाचून नवी निर्मिती करू शकतो, असा याचा अर्थ. ही शक्ती आहे की पोकळी, हे एका पदावरून ठरविता येणार नाही. महेश काळे यांचे गायन तयारीचे, स्वच्छ आणि ओजस्वी आहे, आणि शिष्याची आतुरता त्यात जाणवते. कारण ते पात्र त्यांनी अनेक प्रयोगांतून स्वतः वठविले होते. रंगभूमीवरील पुंजी ध्वनिमुद्रणगृहात अशी उपयोगी पडते.

६

आता वाद्यवृंदाविषयी. चित्रपटाची संगीतरचना शंकर-एहसान-लॉय या त्रयीची. मराठी नाट्यसंगीताला वाद्यमेळाची ओळख नव्हती असे कोणी समजू नये. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाला आणि पुढे प्रभातच्या अनेक चित्रपटांना केशवराव भोळे यांनी जे संगीत दिले त्यात वाद्यांचा विचार नाट्याच्या अंगाने झालेला होता. ऑर्गन आणि पेटी ही तरी मूळची कोठली? तेव्हा परकीय वाद्य आले म्हणून परंपरा बाटली हा युक्तिवाद टिकणारा नाही.

खरा भेद वाद्यांच्या संख्येत अथवा त्यांच्या कुळात नसून साथीच्या दिशेत आहे. पेटी आणि तबला गायकाच्या मागून चालतात. गायक एखाद्या शब्दावर थांबला की पेटी थांबते. त्याने मुखडा उशिरा उचलला की तबलजी ठेका सांभाळून त्याची वाट पाहतो. या मागून चालण्यामुळेच पात्राच्या मनात विचार या क्षणी उगवतो आहे असा भास निर्माण होतो. विस्तृत वाद्यवृंदाचे स्वर अगोदर लिहिलेले असतात. आजच्या ध्वनिमुद्रणाची सर्वसाधारण रीत अशी की लय आधीच ठरते, वाद्यांचे थर वेगवेगळ्या दिवशी बसतात, आणि गायक कानाला यंत्र लावून तयार लयीत आपला स्वर भरतो. येथे गायक मागून चालतो. उपज राहते ती आखून दिलेल्या जागेपुरती. शब्दानंतरची जी शांतता रंगभूमीवर प्रेक्षकाच्या मनात भरत असे, ती आता तंतुवाद्यांनी भरून निघते. श्रोत्याला काय वाटावे हे त्याला वाटण्यापूर्वीच सांगितले जाते.

पाश्चात्त्य संगीतात हाच प्रश्न वेगळ्या वेषात आला आहे. लेनर्ड बर्नस्टाइन याने आपले १९५७ चे 'वेस्ट साइड स्टोरी' हे संगीत नाटक १९८४ मध्ये स्वतःच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित केले, आणि त्यासाठी ऑपेरातील विख्यात कंठ निवडले : मारियासाठी किरी ते कानावा, टोनीसाठी होसे कारेरास. न्यूयॉर्कच्या गल्लीतील पोरांच्या तोंडी ऑपेराचे भरदार स्वर आले. पोर्तो रिकोच्या मुलीचे गाणे न्यूझीलंडची गायिका गात होती आणि अमेरिकन तरुणाचे गाणे स्पॅनिश उच्चारांचा गायक. संवादांसाठी तर बर्नस्टाइनच्या मुलालाच आणि मुलीलाच बोलावे लागले. स्वरांचे सौंदर्य निर्विवाद होते; परंतु बोलणारा आणि गाणारा यांची फारकत त्या मुद्रिकेत जितकी स्पष्ट ऐकू येते तितकी क्वचितच कोठे येत असेल. याउलट एत्झिओ पिंझा हा मेट्रोपॉलिटन ऑपेराचा खर्जातील गायक १९४९ मध्ये 'साउथ पॅसिफिक' या नाटकात स्वतः रंगमंचावर उतरला. फ्रेंच मळेवाल्याच्या त्या भूमिकेत त्याचा परदेशी उच्चार आणि प्रौढ, भारदस्त स्वर हे दोष न ठरता पात्राचे गुण ठरले. वसंतराव आणि पिंझा हे एकमेकांच्या फार जवळचे आहेत : दोघांच्या बाबतीत नाटकाने गायकाच्या कंठाला साजेसा माणूस शोधला.

या तुलनेतून निघणारा निष्कर्ष मोठ्या कंठाच्या विरुद्ध जात नाही. कंठ मोठा असला की तो कोणाचा, हे सांगण्याची जबाबदारीही वाढते, इतकाच तो आहे.

७

मर्ढेकरांनी कलांचा विचार करताना प्रत्येक कलेच्या माध्यमावर भर दिला. लयीचे संवाद, विरोध आणि समतोल हे नियम सर्व कलांना समान मानले तरी प्रत्येक कलेचे द्रव्य वेगळे मानले. या भूमिकेतून पाहिले तर नाट्यपद ही संकरित, म्हणून कमी शुद्ध वस्तू ठरेल : तिच्यात नादाचे द्रव्य आहे आणि शब्दार्थाचेही. योगायोग असा की नभोवाणीत नोकरी करणाऱ्या मर्ढेकरांनी स्वतः संगीतिका लिहिल्या. म्हणजे शब्द आणि नाद यांच्या सीमारेषेचे आकर्षण त्यांनाही होते. नाट्यपदाच्या बाबतीत त्यांच्याच नियमांचा उपयोग अधिक फलदायी रीतीने करता येतो. येथे लय दोन आहेत, एक स्वरांची आणि एक भावार्थाची; आणि पदाचे सौंदर्य या दोन लयींमधील संवाद-विरोधात आहे. सिंधूच्या पदात आर्जवी चाल आणि नकाराचा अर्थ यांचा विरोध आहे. रुक्मिणीच्या पदात प्रसन्न राग आणि संकटग्रस्त प्रतिज्ञा यांचा विरोध आहे. ज्या ध्वनिमुद्रणात यांपैकी एकच लय ऐकू येते त्यात समतोलाचा प्रश्नच उरत नाही, कारण तोलण्यासाठी दुसरे पारडेच नाही.

हा निकष लावला तर आपल्या समोरच्या तीन चित्रपटांचे मूल्यमापन अधिक न्याय्य होईल. 'बालगंधर्व'मध्ये भाटे यांच्यापुढील काम सर्वांत अवघड होते. त्यांना एका ज्ञात कंठाची छाया सांभाळावयाची होती, आणि त्यांनी नक्कल टाळून त्या गायकीतील शब्दनिष्ठा पकडली. हे त्यांचे मोठे यश. परंतु त्यात पात्र आहे ते नट बालगंधर्व. रुक्मिणी किंवा सिंधू ही त्यामागे पुसट होते. 'कट्यार'मध्ये गायन तेजस्वी आहे, पण देह-कंठांच्या फारकतीने आणि वाद्यांच्या भरण्याने दोन घराण्यांमधील तो मूळचा तीक्ष्ण भेद काहीसा गुळगुळीत झाला आहे. 'मी वसंतराव'मध्ये राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका स्वतः केली आणि स्वतः गायिले. गाणारा आणि दिसणारा येथे पुन्हा एक झाले. या चित्रपटातील गाण्याला जी विश्वसनीयता आली आहे तिचे कारण केवळ तयारीत नाही. गळ्याची शीर फुगते ती त्याच गळ्याची, ज्यातून स्वर येतो.

यापुढे ख्यालगायक नाट्यपदे मुद्रित करीत राहणार, आणि त्यांनी करावीत. आपली मागणी इतकीच असावी की पद गाण्यापूर्वी त्यांनी नाटक वाचावे. मुद्रिकेवर रागाच्या आणि संगीतकाराच्या नावाबरोबर नाटककाराचे, पदकर्त्याचे आणि पात्राचे नाव असावे. आणि शक्य असेल तेथे पदाच्या अगोदरचे दोन-चार संवाद मुद्रित व्हावेत. गुर्जरांचे नाव आज किती श्रोत्यांना ठाऊक आहे? सिंधू कोणाला नकार देते हे किती गायकांना ठाऊक आहे? या गोष्टी संगीतबाह्य नाहीत. तान कोठे घ्यावी आणि कोठे आवरावी, याचे उत्तर रागाच्या व्याकरणात अर्धेच मिळते. उरलेले अर्धे नाटकाच्या संहितेत असते. ते शोधण्याचे काम गायकाइतकेच साहित्याच्या अभ्यासकाचेही आहे, आणि आपण ते फार काळ रागदारीच्या जाणकारांवर सोपवून मोकळे झालो आहोत. नाट्यपदाचा कवी आणि त्याचे पात्र यांना मुद्रिकेवर पुन्हा जागा मिळाली, तर नाटकगृहात न गेलेल्या श्रोत्यालाही, मग तो कोल्हापूरचा असो वा दिल्लीचा, ऐकू येईल ते केवळ गाणे नसेल. कोणीतरी, कोणाला तरी, काही महत्त्वाचे सांगत आहे हे त्याला ऐकू येईल.